बापाचे दोन कागद आणि लेक

रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायऱ्या उतरत होतो. खाली चपलांच्या ढिगाजवळ दोन सख्खे भाऊ एकमेकांकडे पाठ करून उभे. दोघांच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत एकेक कागद. थोरला पुढे आला. "जयभीम भाऊ. बाबांचं मृत्युपत्र माझ्याकडं आहे." धाकटा तिथूनच म्हणाला, "बाबांचं मृत्युपत्र माझ्याकडं आहे." खोटे कोणीच बोलत नव्हते. बाप एक आणि मृत्युपत्रे दोन.

आम्ही वकील नाही, कचेरीतले कारकून आहोत, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. पण बी. कॉम. झालेला, इंग्रजी कागद वाचून सांगणारा माणूस म्हणून वस्तीतले लोक रेशनकार्डापासून फंडाच्या फॉर्मापर्यंत सगळे आमच्यापुढे आणतात. त्यात अलीकडे मृत्युपत्राचे कागद फार येऊ लागले आहेत. आपल्या बापजाद्यांपाशी वाटायला काही नव्हते, म्हणून वाटणीची भांडणेही थोडी होती. नोकऱ्या लागल्या, फंडाच्या पैशातून कोणी खोली घेतली, कोणी गावी चार पत्र्यांचे घर बांधले, आणि भाऊबंदकी आपल्याही दारात येऊन बसली. म्हणून या कुटुंबाची हकीकत त्यांची परवानगी घेऊन येथे सांगत आहोत. नावे देत नाही. ओळख पटेल अशा खुणाही बदलल्या आहेत.

हे काका महापालिकेत कामगार होते. लहानपणी शाळा मिळाली नाही. नोकरीला लागल्यावर रात्रशाळेत बसून अक्षर शिकले. पगाराच्या दिवशी अंगठ्याच्या शाईचा डबा पुढे आला की ते तो बाजूला सारीत आणि पेन मागून घेत. त्या सहीचा त्यांना फार अभिमान. १९९४ साली निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशातून कल्याणच्या पलीकडे सोसायटीत एक खोली व स्वयंपाकघर घेतले. काकू लवकर गेल्या. मागे दोन मुलगे आणि मधली मुलगी. तिला सगळे आक्का म्हणतात.

पहिले मृत्युपत्र २०११ सालचे. तेव्हा काका थोरल्याकडे राहत. घर थोरल्याच्या नावे केले. कागद मराठीत, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवलेला, खाली काकांची सही, आणि साक्षीदार म्हणून दोन सह्या. त्यातली एक आमची.

पुढे थोरल्याची बदली झाली. तो बायकामुलांसह परगावी गेला आणि काका धाकट्याबरोबर राहू लागले. २०१८ च्या सुरुवातीला त्यांना लकवा झाला. उजवा हात गेला. दवाखाना आक्काच्या घराजवळ, म्हणून सुटल्यावर दीड महिना ते तिच्याकडेच होते. मग धाकट्याने त्यांना घरी नेले, आणि पंधरा दिवसांत दुसरे मृत्युपत्र झाले. घर धाकट्याच्या नावे. कागद इंग्रजीत, नोंदणी नाही, वकील धाकट्याने आणलेला. साक्षीदारांपैकी एक त्याचा मेहुणा, दुसरा मित्र. आणि सहीच्या जागी डाव्या हाताचा अंगठा. २०१९ साली काका वारले. चाळिसाव्या दिवसापर्यंत दोन्ही भाऊ एका ताटात जेवत होते. त्यानंतर कागद बाहेर आले.

थोरला म्हणाला, "माझा कागद रजिस्टर आहे. त्याच्या कागदावर अंगठा आहे. माझा बाप सही करणारा होता." धाकटा म्हणाला, "माझा कागद नंतरचा आहे. दादा परगावी होता. बाबांचं हगणंमुतणं माझ्या बायकोनं काढलं."

आता कायदा काय म्हणतो ते आधी सांगतो. पुष्कळांचा येथेच घोटाळा होतो. बौद्धांच्या मृत्युपत्राला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. शुद्धीवर असलेला सज्ञान माणूस आपल्या मालकीच्या मिळकतीचे मृत्युपत्र करू शकतो आणि जिवंत असेपर्यंत ते कितीही वेळा बदलू शकतो. एकाच मिळकतीची दोन मृत्युपत्रे निघाली तर शेवटचे कायदेशीर मृत्युपत्र चालते. नोंदणी सक्तीची नाही. म्हणून आधीचा नोंदवलेला कागद नंतरच्या साध्या कागदाने रद्द होऊ शकतो. "माझे रजिस्टर आहे" एवढ्यावर थोरल्याचे भागणारे नव्हते.

अंगठ्याचेही तसेच. कलम ६३ प्रमाणे करणाराने सही केली तरी चालते आणि खूण केली तरी चालते. मात्र किमान दोन साक्षीदारांनी ती सही किंवा खूण होताना पाहिलेली असावी, निदान ती आपली असल्याचे करणाराने त्यांना स्वतः सांगितलेले असावे, आणि साक्षीदारांनी त्याच्यासमोर सह्या केलेल्या असाव्यात. हात लुळा पडलेल्या माणसाने अंगठा दिला तर त्यात गैर काही नाही.

पण "माझे शेवटचे आहे" एवढ्यावर धाकट्याचेही भागत नाही. ते मृत्युपत्र खरे आहे हे त्याने सिद्ध केले पाहिजे. साक्षीदारांपैकी एक तरी हयात व हजर होण्याजोगा असेल तर त्याला कोर्टात उभे करावे लागते. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली वेंकटचल अय्यंगार यांच्या खटल्यात एक नियम घालून दिला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर आपल्या महाराष्ट्राचे. नियम असा की, मृत्युपत्राभोवती संशयाची परिस्थिती असेल, ज्याला मिळकत मिळायची त्यानेच ते करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर तो संशय फेडण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. येथे वकील धाकट्याचा, मेहुणा धाकट्याचा, घर धाकट्याचे. काकांना इंग्रजी येत नव्हते आणि मजकूर त्यांना मराठीत वाचून दाखवल्याचे कागदावर कोठेच लिहिलेले नव्हते.

म्हणून धाकट्याचा कागद खोटाच, असे आम्ही म्हणत नाही. त्या सुनेने सासऱ्याची सेवा केली ती आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. घर तिच्या संसाराला मिळावे असे काकांना खरोखर वाटले असेल. पण जी गोष्ट उजेडात करता आली असती ती दाराआड केल्यावर, खरी असली तरी तिच्याकडे लोक संशयानेच पाहतात.

थोरल्याने आणखी एक पान टाकले. "सोसायटीत नॉमिनी मी आहे." वाचकहो, हे तर पक्के ध्यानात ठेवा. सोसायटीतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. संस्थेने कागदोपत्री कोणाशी व्यवहार करावा एवढ्यापुरते ते नाव असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या एका निकालात हेच सांगितले आहे की, संस्था नॉमिनीच्या नावावर भाग करून देईल, पण हक्क कोणाचा हा प्रश्न वारसांना दिवाणी कोर्टातून सोडवून घेता येतो.

थोरल्याने दावा टाकला. दीड वर्ष तारखा पडल्या. आम्ही हिशेबाची माणसे, म्हणून दोघांना वहीत मांडून दाखवले : वकिलाची फी, झेरॉक्स, गाडीभाडे, बुडालेले खाडे. बेरीज पाहून दोघे गप्प झाले, पण मागे कोणी हटेना. दोघांचे वकील एकच गोष्ट सांगत होते. दुसरे मृत्युपत्र टिकले तर थोरल्याला काही नाही. ते पडले तर पहिले उभे राहील आणि धाकट्याला काही नाही. म्हणजे सगळे काही एका प्रश्नावर येऊन ठेपले : लकव्यानंतर काका शुद्धीवर होते की नव्हते? आणि हे सांगू शकणारे माणूस एकच. दीड महिना त्यांना भरवणारी आक्का.

थोरला तिच्याकडे गेला. "आक्का, कोर्टात एवढंच सांग, बाबांना तेव्हा काही कळत नव्हतं." दोन दिवसांनी धाकटा गेला. "आक्का, एवढंच सांग, बाबांना सगळं कळत होतं." आक्का अंगणवाडीत मदतनीस आहे. तिने दोघांना चहा दिला आणि म्हणाली, "विहारात बसू. सगळ्यांसमोर सांगीन."

त्या रविवारी विहाराच्या माडीवर तिघे भावंडे, दोन्ही सुना आणि आम्ही असे बसलो. आक्का म्हणाली, "बाबांना कळत होतं. जीभ जड होती, पण चहात साखर कमी पडली तर खुणेनं सांगत होते. शेजारणीचं नावही आठवत होतं." धाकट्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. तोच ती पुढे म्हणाली, "पण ज्याला एवढं कळत होतं त्याला मी कळले नाही का? २०११ च्या कागदात मी नाही. २०१८ च्या कागदातही मी नाही. तुम्ही दोघं माझी साक्ष मागता. कशाची साक्ष देऊ? घर दादाचं का धाकट्याचं, एवढंच मी सांगायचं?"

कोणी बोलेना. मग ती आमच्याकडे वळली. "भाऊ, पहिल्या कागदावर तुमची सही आहे. तुम्ही तरी बाबांना विचारलं होतं का?"

आम्ही विचारले नव्हते. कचेरीत जाताना रिक्षात काका आपण होऊन म्हणाले होते, "पोरीचं लग्न केलं, तिचं झालं." आम्ही मान डोलावली. तेव्हा आम्ही तिशीतले. मोठ्या माणसाला काय सांगायचे, असे वाटले. आणि त्याच वर्षीच्या १४ एप्रिलला आम्ही याच विहारासमोर हिंदू कोड बिलावर अर्धा तास भाषण केले होते. लेकीला बापाच्या मिळकतीत वाटा मिळावा यासाठी बाबासाहेब झगडले, आणि ते बिल रखडले तेव्हा २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे आम्ही माईकवरून सांगितले होते. टाळ्याही घेतल्या होत्या. मग रिक्षात बसल्यावर आमची जीभ का उचलली नाही? साक्षीदाराने वाटणीत नाक खुपसू नये हे खरे. पण "काका, आक्काचा विचार केलात का?" एवढे विचारायला कायदा आड आला नव्हता. आक्कासमोर आम्ही तसे कबूल केले.

यातली खोच पाहा. हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला आणि तो बौद्धांनाही लागू आहे. त्याप्रमाणे बाप मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलगे, मुलगी, विधवा पत्नी आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. काकांनी काहीच लिहून ठेवले नसते तर आक्काला आपोआप तिसरा हिस्सा मिळाला असता. त्यांनी दोन वेळा लिहिले, आणि दोन्ही वेळा लेकीच्या हातचे काढून घेतले. स्वकष्टाचे घर कोणालाही देण्याचा त्यांना अधिकार होता. पण रात्रशाळेत अक्षर शिकलेल्या बापाने त्या अक्षराने लेकीला वगळावे, याचे आम्हाला आजही वाईट वाटते. त्या अन्यायाच्या कागदावर आमची सही आहे, याचे त्याहून अधिक.

त्या दिवसानंतर दोघांचा ताठा थोडा उतरला. आम्ही दोघांनाही सांगितले की, कोर्टाने बोलावले तर जे पाहिले तेच सांगू, कोणाच्या बाजूचे म्हणून काही सांगणार नाही. पुढे चार बैठका झाल्या. शेवटी प्रकरण लोकअदालतीत नेले आणि तेथे तडजोड झाली. घर धाकट्याकडे राहावे, कारण राहतो तो. घराची किंमत ठरवून तीन वाटे करावेत आणि दोघांचे वाटे त्याने हप्त्याहप्त्याने द्यावेत. धाकट्या सुनेने केलेल्या सेवेबद्दल थोरल्याने आपल्या वाट्यातली काही रक्कम सोडली. हे त्याने मनापासून केले हे येथे नोंदवतो.

नातेवाइकांना वाटले, आता आक्काही सोडील. एक मावशी म्हणाली, "हक्कसोड लिहून दे बाई, माहेर राहील. भाऊ साडीचोळी करतील." आक्का म्हणाली, "मावशी, माझ्या पोराला आयटीआयला घातलंय. साडीचोळी नको. मला माझा वाटा पाहिजे." आम्हाला हे उत्तर फार आवडले. आपल्याकडे बहिणीच्या हक्कसोडपत्राला प्रेम म्हणतात. भावाने हक्क सोडला की त्याला मात्र मोठेपणा म्हणतात आणि त्याच्या गोष्टी सांगतात. एकाच गोष्टीला दोन मापे कशाला?

सगळे गोड झाले असे आम्ही सांगणार नाही. हप्ते सुरू आहेत. आक्काकडे दोघेही जातात, पण वेगवेगळ्या दिवशी. भाऊ-भाऊ अजून बोलत नाहीत.

आता आमच्या घरोघरीच्या आईबापांना चार गोष्टी. मृत्युपत्र जरूर करा, पण चोरून करू नका. सर्व मुलांना, मुलींनाही, समोर बसवून सांगा. आज थोडी आदळआपट झाली तरी तुम्ही समजवायला जिवंत आहात. तुमच्या माघारी कागद कोणाची समजूत घालत नाही. मजकूर तुम्हाला कळणाऱ्या भाषेत लिहून घ्या. वाचता येत नसेल तर मजकूर वाचून दाखवल्याचे कागदावर लिहवून घ्या. पुढे मन बदलले तर नव्या मृत्युपत्रात "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द" असे स्पष्ट लिहा, तारीख घाला आणि का बदलले तेही दोन ओळींत लिहा. कोणाला कमी द्यायचे असेल तर त्याचेही कारण लिहा. साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान आणि वाटणीशी संबंध नसलेले घ्या. आजारपणात करत असाल तर शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडा. नोंदणी सक्तीची नसली तरी करून ठेवावी. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही.

जे आपले नाही ते मृत्युपत्रात घालू नका. भाड्याच्या, पागडीच्या खोलीतला भाडेकरूचा हक्क मृत्युपत्राने देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली मुंबईच्या भाडे कायद्याखालच्या एका खटल्यात सांगितले आहे. गावच्या जुन्या वतनाच्या जमिनीला सरकारी अटी असू शकतात. सातबारा काढून, जाणकाराला दाखवून मगच लिहा.

आणि मुलांनो, बापाला आपल्या गाडीत घालून आपल्या वकिलाकडे नेऊ नका. बाप आज तुमच्या घरी आहे, उद्या बहिणीकडे असेल. ज्याच्या घरी जेवतो त्याचे मन राखण्यासाठी म्हातारा माणूस मान डोलावतो. त्या मान डोलावण्याचा कागद करू नका. भांडण कोर्टात गेलेच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, आणि कोणत्याही जातीच्या स्त्रीला, उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळू शकतो. सावकाराचे पैसे काढून भावाविरुद्ध वकील करू नका.

आक्काचा प्रश्न आमच्या मनातून जाईना. गेल्या महिन्यात आम्ही बहिणीला घरी बोलावले आणि तिच्यासमोर आईला विचारले, "तुझं जे आहे ते कोणाला?" आई हसली. "माझं काय आहे रे? एक पेटी, दोन पाटल्या आणि गावचं घर." थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पाटल्या तिच्या. घर दोघांचं, अर्धं अर्धं. पेटी ज्याला उचलंल त्यानं न्यावी. लिही." आम्ही पेन हातात घेतले आणि खाली ठेवले. ज्याला मिळायचे त्याने लिहू नये, हे एवढे सांगितल्यावर आम्हीच कसे लिहावे? शेजारच्या गुरुजींना हाक मारली. त्यांनी लिहिले, मोठ्याने वाचून दाखवले, आणि आईने सही केली. बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. आम्ही तिला आत बोलावले आणि आईशेजारी बसवले.